दहा बोटांचं गणित

डोंबिवली स्टेशनच्या नावानं गणितात संख्यांची एक जात आहे, हे रोज तिथून लोकल पकडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. त्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. डेम्लो हे जीआयपी रेल्वेच्या काळातलं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. तेच आजचं डोंबिवली. तिथं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या डोक्यात या संख्या आल्या, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. त्यातल्या सगळ्यात देखण्या अशा: ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१, ११११चा १२३४३२१. असं चढत-उतरत नऊ एकांपर्यंत जाता येतं. १११११११११चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१.

कापरेकरांनी नावं ठेवण्यात कधी कंजुषी केली नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते, तर एका प्रकाराला देवळाली संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जी निःशेष भागली जाते ती आनंद देते, म्हणून ती हर्षद संख्या. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशांना पुढे लोकांनी कापरेकर संख्या म्हटलं. जन्म १९०५चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. आणि शालेय शिक्षण ठाण्यात. त्यामुळे माझी आत्या त्यांच्याबद्दल बोलते ते माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं.

ही आत्या नौपाड्यात राहते. निवृत्त गणित शिक्षिका. तिची इमारत रिडेव्हलपमेंटच्या घोळात अडकली आहे. सोसायटीची मीटिंग आणि गणित, या दोनच विषयांवर ती आवाज चढवते. मी घोडबंदर रोडला राहतो आणि ऐरोलीच्या एका कंपनीत कोड लिहितो. ज्याचा दिवस ‘समजा ही एक यादी आहे, समजा तिची लांबी क्ष आहे’ असं म्हणत, नसलेल्या गोष्टी असल्याचं जाहीर करत जातो, त्याला गणित माणसानं रचलेलं वाटणं साहजिक आहे. आत्याच्या मते ते आधीपासून आहे, माणसाला फक्त सापडतं. या विषयावर आमचं बऱ्याच वर्षांपासून चाललेलं भांडण आहे. तलावपाळीला फेरी मारताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्याच्या वेटिंगमध्ये. बाकी नातेवाईक उठून जातात.

भांडणाचं कायमचं रणमैदान म्हणजे कापरेकरांचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा, ६१७४. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये हा खेळ छान चालतो, कारण समोर एमएच ०४ आणि एमएच ४३च्या पाट्यांवर चार अंक तयारच असतात. समजा ३५२४. ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि आता ७६४१ वजा १४६७ केलं तर पुन्हा ६१७४. तिथून हलता येत नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथंच. २००५ला पूर्ण सात लागतात; गाडी पातलीपाड्याच्या सिग्नलला उभी असली तर तेवढा वेळ सहज मिळतो.

कापरेकरांनी हे १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापलं. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेलं, त्यानंतर बी.एस्सी. आणि थेट शाळा. इथल्या अनेक प्राध्यापक मंडळींना त्यांचं काम म्हणजे आकड्यांची गंमत, वेळ घालवायचा चाळा वाटे. १९७५च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनरनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळालीचे मास्तर कळले. आत्या हा भाग सांगताना नेहमी थोडी थांबते. तिनंही सगळी नोकरी आठवी ते दहावीला शिकवण्यात घालवली. गणित फक्त विद्यापीठात होतं या समजुतीचा तिला मनापासून राग आहे.

माझं म्हणणं साधं होतं. अंक दहा का? बोटं दहा म्हणून. अंक उतरत्या क्रमानं लावा हे कोणी सांगितलं? कापरेकरांनी. वजाबाकीच का? तेही त्यांनीच ठरवलं. सगळा डाव माणसानं मांडलेला, त्यातून निघालेला आकडाही माणसाचाच.

“मग तूही मांड डाव,” आत्या म्हणाली. “नियम हेच ठेव आणि उत्तर ६१७५ आणून दाखव.”

हे तिचं हुकमी वाक्य आहे. बुद्धिबळाबद्दलही ती असंच म्हणते. घोडा अडीच घरं जातो हे माणसानं ठरवलं. पण पटावर राजाविरुद्ध फक्त राजा आणि एक घोडा उरला तर मात करता येत नाही, हे कोणी ठरवलं? ज्यानं घोड्याची चाल ठरवली त्याच्या मनातही ते नसेल. ते पटावर पडून होतं, कोणी तरी खेळून पाहीपर्यंत.

६१७४ नियमातच दडलेला आहे, हे मी तिला कागदावर दाखवलं होतं. चार अंक मोठ्यापासून लहानाकडे अ, ब, क, ड असे लावले आणि उलटे करून वजा केले, की उरतं ९९९ गुणिले (अ – ड) अधिक ९० गुणिले (ब – क). म्हणजे चारही अंकांची गरजच नाही. बाहेरच्या दोघांतला फरक आणि आतल्या दोघांतला फरक, एवढे दोन आकडे पुरतात. बाहेरचा फरक १ ते ९. आतला शून्यापासून पुढे, पण बाहेरच्यापेक्षा मोठा नाही. अशा जोड्या होतात ५४. चार अंकी जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४वर येऊन बसतात. ५४ घरांतून सगळे एका घरात गेले यात चमत्कार तो काय? तीन अंकांचं तर आणखी सोपं. तिथं फक्त ९९चा पाढा उरतो: १९८वरून ७९२, तिथून ६९३, तिथून ५९४, तिथून ४९५, आणि ४९५ला मुक्काम.

“छान समजावलंस,” ती म्हणाली. तीस-चाळीस मुलांचा वर्ग हाताळलेली माणसं असं म्हणतात तेव्हा सावध राहावं. “आता दोन अंकांचं सांग. तिथंही ९चाच पाढा आहे. तिथं का नाही मुक्काम?”

खरंच नाही. ०९, ८१, ६३, २७, ४५, परत ०९. फिरत राहतं. पाच अंकांतही थांबणारा आकडा नाही. तीनला आहे, चारला आहे, दोनला नाही, पाचला नाही. माझ्या स्पष्टीकरणात सगळे ५४वर का येतात ते होतं. त्या ५४ पैकी एकावरच का थांबतात, ते नव्हतं. ते करूनच पाहावं लागतं.

माझ्या बाजूनंही पुरावे आहेत, ते नोंदवून ठेवतो. १ ही मूळ संख्या का नाही? आत्यानं हजारो मुलांकडून ‘एक ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही’ हे वाक्य घोकून घेतलं असेल. पण १७४२ साली गोल्डबाखनं ऑयलरला ते प्रसिद्ध पत्र लिहिलं तेव्हा तो १ला मूळ संख्यांत धरत होता. पुढे गणितज्ञांनी १ला बाहेर काढलं, कारण तो आत असला की ‘प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात’ हे सुंदर विधान मोडतं. १नं हवं तितक्या वेळा गुणता येतं. म्हणजे सोय पाहून ठरवलं. हे तर कमिटीचं काम झालं.

किंवा आपले जुने पाढे घ्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. आजोबांना औटकी तोंडपाठ होती. साडेतीनाचा पाढा ते अंगणात फेऱ्या मारत म्हणत, असं आत्या सांगते. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, आणि हे पाढे बघता बघता पाटीवरून पुसले गेले. सरकारच्या एका निर्णयानं गणिताचं एक अख्खं दालन बंद पडलं.

“पाठांतर बंद पडलं,” आत्या. “औट सात साडेचोवीसच राहिले ना? का तेही नव्या पैशांत बदलले?”

तिच्याशी भांडताना हाच त्रास आहे. मी रीतीरिवाज दाखवतो, ती त्याखालचा दगड दाखवते.

ब्रह्मगुप्ताचं उदाहरण तिनं काढलं ते मला बराच काळ पुरलं. इसवी सन ६२८, ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’. धन, ऋण आणि शून्य यांच्याशी कसं वागायचं याचे नियम त्या माणसानं लिहून ठेवले. कर्ज गुणिले कर्ज बरोबर धन. शून्यातून ऋण वजा केलं तर धन. आपण आजही शाळेत जवळजवळ तेच शिकतो. त्याच यादीत त्यानं लिहिलं, शून्य भागिले शून्य बरोबर शून्य. बाकीचे नियम जवळजवळ चौदाशे वर्षं टिकले, हा टिकला नाही. टिकणार कसा? शून्य गुणिले पाच शून्य, शून्य गुणिले सातही शून्य. मग शून्याला शून्यानं भागून पाच का येऊ नये, सात का येऊ नये?

“सगळे नियम एकाच माणसानं, एकाच अधिकारानं केले,” आत्याचं म्हणणं. “रचायचंच असतं तर हाही चालायला हवा होता. गणितानं त्याला नाही म्हटलं. तुझ्या कॉम्प्युटरला तू जे सांगशील ते तो ऐकतो. हे ऐकत नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते धंद्यातलंच. ‘लीन’ नावाची एक प्रणाली आहे, गणिताच्या सिद्धता संगणकाकडून तपासून घेण्यासाठी. तिच्यात कुठल्याही संख्येला शून्यानं भागलं तर उत्तर शून्य असंच धरलेलं आहे. त्यात शून्य भागिले शून्यही आलं. सोय म्हणून. आणि काही कोसळत नाही. ब्रह्मगुप्त तिथं सुखानं नांदतो आहे. हे ऐकून आत्या जरा वेळ गप्प झाली. तिनं विचारलं, मग तिथं अ भागिले ब, गुणिले ब, बरोबर अ, हे खरं का? मी म्हटलं, खरं, पण प्रत्येक वेळी ‘ब शून्य नसेल तर’ ही अट जोडावी लागते.

“म्हणजे दारातून हाकललेला खिडकीतून आला,” ती म्हणाली.

तेव्हापासून मी सापडलेलं आणि रचलेलं यांच्या सीमेकडे थोडा वेगळ्या नजरेनं बघतो. नियम कुठलाही करा, किंमत कुठे तरी मोजावी लागते, आणि ती किती ते आपल्या हातात नसतं. मला हे आत्याच्या ‘सगळं आधीपासून आहे’ यापेक्षा जास्त पटतं. आधीपासून म्हणजे कुठे? कोणत्या जागी? हा प्रश्न तिला विचारला की ती चहा टाकायला उठते.

तिचा दुसरा मोठा मुद्दा माधवाचा. केरळातल्या संगमग्रामचा माधव, चौदावं शतक. १ वजा एक-तृतीयांश अधिक एक-पंचमांश वजा एक-सप्तमांश, असं विषम संख्यांनी भागत, एकाआड एक चिन्ह बदलत अनंतापर्यंत गेलं की पायचा (π) चौथा भाग हाती येतो. ज्येष्ठदेवानं सोळाव्या शतकात मल्याळममधल्या ‘युक्तिभाषा’त त्याची उपपत्ती नीट मांडून ठेवली. इकडे युरोपात १६७०च्या दशकात लायब्निझ याच मालिकेपर्यंत आला. एकाचं लेखन दुसऱ्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. दोन वेगळ्या भाषांत, वेगळ्या कारणांसाठी काम करणाऱ्या दोघांनी नेमकी हीच बेरीज रचली म्हणायची? माझं उत्तर असं की वर्तुळ दोघांकडे होतं, गरजही सारखी. पण हे उत्तर देताना मलाच ते थोडं लंगडं वाटतं. गरज सारखी असली तरी चाकं, होड्या, भाकऱ्या हे सगळं गावोगाव निराळं होतं. ही मालिका तिसऱ्या पदालाही निराळी नाही.

आता हार्डी. त्याच्यावर मात्र आम्हा दोघांचं एकमत आहे, आणि ते त्याच्याविरुद्ध आहे. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारा हा मोठा माणूस. १९४०च्या आपल्या पुस्तकात त्यानं ठामपणे लिहिलं की गणिती वास्तव आपल्या बाहेर आहे, आपण सिद्ध केलं म्हणतो ते खरं तर पाहून केलेल्या नोंदी असतात. आत्याच्या पक्षाचा याहून मोठा वकील मिळणार नाही. पण त्याच पुस्तकात त्यानं दोन संख्यांची उदाहरणं दिली: ८७१२ आणि ९८०१. उलट्या केलेल्या संख्येची पट असलेल्या चार अंकी संख्या या दोनच. २१७८ची चौपट ८७१२ आणि १०८९ची नऊपट ९८०१. आणि म्हटलं, हौशी लोकांच्या कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात काही नाही. गंमत म्हणजे ९८०१ हा ९९चा वर्ग, आणि ९८ अधिक ०१ बरोबर ९९. म्हणजे हार्डीनं नाक मुरडलेला आकडा देवळालीच्या मास्तरांच्या दप्तरातलाच.

“सगळं बाहेर आहे म्हणतो, आणि बाहेरच्यातलं हे आवडतं आणि ते नावडतं!” आत्याचा संताप. पण हार्डीची बाजूही समजण्यासारखी आहे. त्याचा आक्षेप बोटांवर होता. १७२९चं बघा. रामानुजननं हॉस्पिटलात पडल्यापडल्या त्याला सांगितलं ते हे की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या: १२चा घन अधिक १चा घन, किंवा १०चा घन अधिक ९चा घन. आपल्याला बोटं बारा असती तरी हे खरंच राहिलं असतं. संख्या लिहिली वेगळी असती, इतकंच. पण १, ७, २, ९ची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९, म्हणून ती हर्षदसुद्धा आहे. ही गोष्ट मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर उभी आहे. हार्डीला पहिलं गणित वाटलं असतं, दुसरं चाळा. ६१७४ सगळा दुसऱ्या खात्यातला.

यावर वाद घालून काही होणार नव्हतं, म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला. छोटासा. त्यात पाया हा आकडा बाहेरून द्यायचा: दहा दिला तर आपली नेहमीची संख्यापद्धत, आठ दिला तर सातानंतर थेट १० लिहायचं. बोटंच बदलून बघू म्हटलं, किती उरतं ते.

तीन अंकांपासून सुरुवात केली. आठाच्या पायात ४९५च्या जागी ३७४ आला. आत्याला पडद्यावर विश्वास नाही. तिनं लाइट बिलाच्या मागच्या बाजूला स्वतः वजाबाकी मांडली, ७४३ वजा ३४७. तीनातून सात जात नाहीत, हातचा घेतला, पण हातचा आठाचा. आठ आणि तीन अकरा, त्यातून सात गेले चार. वरच्या चाराचे राहिले तीन, त्यातून चार जात नाहीत, पुन्हा आठाचा हातचा, राहिले सात. सहातून तीन गेले तीन. ३७४. “बरोबर आहे तुझं यंत्र,” असं प्रमाणपत्र मिळालं.

मग सात घातला. तिथं मुक्कामच नाही. ३६३ वरून २६४, २६४ वरून पुन्हा ३६३. ठाणे-वाशी लोकलसारखी दोन टोकांत ये-जा. सहा घातला, थांबलं. नऊ घातला, ये-जा. बारा, थांबलं. सम पाया असेल तर तीन अंकी खेळ एका ठिकाणी थांबतो, विषम असेल तर दोघांत झुलत राहतो, दर वेळी. मी प्रोग्रॅममध्ये सम-विषम हा शब्द कुठेही लिहिलेला नव्हता. अंक लावा, वजा करा, एवढंच लिहिलं होतं. कारण काढता येतं. बाहेरच्या दोन अंकांतला फरक पायाच्या निम्म्यावर जाऊन स्थिरावतो, आणि विषम संख्येचं निम्मं पूर्णांकात नसतं, म्हणून त्याच्या अलीकडे-पलीकडे हेलपाटे. पण हे कारण मी घातलेलं नाही. मी ते माझ्याच कोडमधून शोधून काढलं.

चार अंकांवर आलो तेव्हा मजा आली. आठाच्या पायात ६१७४चा भाऊबंद नाहीच. सहाला नाही, बाराला नाही. अशी स्वतःवर थांबणारी संख्या २, ४, ५, १०, १५, २०, २५ या पायांत मिळाली आणि मधल्या सगळ्या जागा कोऱ्या. दोन आणि चार सोडले तर पाचाचा पाढा. आपल्याला एका हाताला पाच बोटं आहेत म्हणून ६१७४ आहे. एका हाताला चार असती तर देवळालीच्या मास्तरांना तीन अंकांत ३७४ भेटला असता, पण चार अंकांत काही हाताला लागलं नसतं. (सगळ्या पायांत सगळे तिथं पोहोचतातच असं नाही, काही वाटेतच गोल फिरत राहतात. पण मुक्कामाची जागा असते.)

मी आत्याला तक्ता छापून नेऊन दिला, मोठ्या टायपात. पायाच्या पुढे त्याचे चार अंक. पाच: ३, ०, ३, २. दहा: ६, १, ७, ४. पंधरा: ९, २, ११, ६. वीस: १२, ३, १५, ८. पंचवीस: १५, ४, १९, १०. मी आडवं वाचत होतो. तिनं चष्मा वर केला आणि उभं वाचलं. “तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा. हा तीनाचा पाढा आहे.” मग शेवटचा स्तंभ: दोन, चार, सहा, आठ, दहा. दुसरा, शून्य, एक, दोन, तीन, चार. आणि तिसरा, तीन, सात, अकरा, पंधरा, एकोणीस. चाराचा पाढा, एक कमी.

२ आणि ४ हे पाये या रांगेत बसत नाहीत, हे मी निदर्शनास आणलं. ती म्हणाली, “लहान मुलांना सगळे नियम लावायचे नसतात.”

नंतर तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाया ५म धरला, तर अंक ३म, म–१, ४म–१, २म. उतरत्या क्रमानं लावले की बाहेरचा फरक ३म, आतला म, आणि वजाबाकी केली की जशाच्या तसे तेच चार अंक परत. म म्हणजे दोन, की ६१७४. हार्डीला बोटांचा चाळा वाटला असता असं जे, त्यात बोटांचा हिस्सा फक्त ‘म बरोबर दोन’ एवढाच निघाला.

माझं मत आता असं काहीसं आहे, आणि ते आत्याला पूर्ण मान्य नाही. अंक लावून वजा करून बघू या, हा विचार कापरेकरांचा होता. निसर्गात कुठेही असा खेळ चाललेला नाही. तो करायची कोणाला गरज नव्हती. ते नसते तर कदाचित अजूनही कोणी केला नसता. तो भाग रचलेलाच आहे, आणि रचणाऱ्याला त्याचं श्रेय पूर्ण द्यायला हवं. पण एकदा प्रश्न विचारल्यावर आलेल्या उत्तरात त्यांचा, माझा, कोणाचाच हात नाही. आत्या म्हणते, प्रश्नसुद्धा तिथंच होता. यावर मी अजून अडून आहे. प्रश्न पडायला माणूस लागतो. ती म्हणते, हे तू प्रोग्रॅमर म्हणून बोलतोस, तुला तुझ्या लिहिण्याचं कौतुक आहे. असेल.

सध्या आम्ही सहा अंकांवर आहोत. दहाच्याच पायात, कारण लाइट बिलाच्या मागे एवढंच मावतं. सहा अंकांत मुक्काम दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४; तिथं न पोहोचणाऱ्या संख्या गोल फिरत राहतात. मी तिला हे दोन आकडे फोनवर सांगितले. तिनं लिहून घेतले आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं असावं, कारण लगेच म्हणाली, “अरे, हा तर ६१७४च आहे. पोटात ३ आणि ६ घातलेत.” सहानंतर ३, सातानंतर ६. मी ते पाहिलंच नव्हतं. मग तिनं अजून एक ३ आणि अजून एक ६ त्याच जागी घातला, ६३३१७६६४, आणि म्हणाली, आता तू कर वजाबाकी, कॉम्प्युटरला हात न लावता. ७६६६४३३१ वजा १३३४६६६७. करून बघा.